वैऱ्याचा अंगरखा

गावात बहुरूपी येतो, तेव्हा तो पुष्कळदा फौजदार होऊन येतो. अंगात खाकी कपडे, कमरेला रुंद पट्टा, हातात छडी आणि डोळ्यांत उसनी जरब. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला तो दरडावतो, "चला चौकीवर! तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय!" म्हातारा क्षणभर दचकतो, मग मिशीतल्या मिशीत हसतो आणि सुनेला आतून पसाभर दाणे आणायला सांगतो. वेष खोटा आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. म्हणून तो खेळ ठरतो. पण समजा, म्हाताऱ्याला ते सारे खरेच वाटले आणि त्या फौजदाराने त्याच्याकडे तिजोरीची किल्ली मागितली, तर? कपडे तेच, माणूस तोच, शब्दही तेच; पण खेळाचा गुन्हा व्हायला पळभरही लागत नाही.

युद्धातही असे बहुरूपी असतात. शत्रूचा गणवेष अंगावर चढवून ते शत्रूच्याच फौजेत शिरतात. त्यांचे करायचे काय, हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून छळत आला आहे. युद्ध म्हटले की कपट आलेच, अशी आपली समजूत असते. जिथे माणूस मारण्याचीच मुभा आहे, तिथे कपड्यांचे सोवळे कसले, असेही कोणी विचारील. परंतु युद्धालाही कायदा आहे, आणि त्या कायद्यात कपड्यांवरचे एक कलम आहे. त्या एका कलमाच्या पोटात तीन तरुणांचे मरण आहे, दहा अधिकाऱ्यांची सुटका आहे आणि एका विशेषणाची मोठी करामत आहे. मी काही कायदेपंडित नव्हे. मुलांना इतिहास आणि व्याकरण शिकवता शिकवता ही हकीगत माझ्या वाचनात आली आणि मनात घर करून राहिली. ती आज वाचकांपुढे ठेवतो.

हकीगत आहे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यातली. १९४४ सालचा ऑक्टोबर महिना. फ्रान्स हातचा गेला होता, दोस्तांच्या फौजा जर्मनीच्या सरहद्दीला येऊन भिडल्या होत्या, आणि हिटलर शेवटचा डाव टाकण्याच्या तयारीत होता. बेल्जियममधल्या आर्देनच्या जंगलातून एकाएकी मुसंडी मारायची, म्यूज नदी ओलांडायची आणि अँटवर्पचे बंदर गाठून दोस्तांच्या फौजा दुभंगून टाकायच्या, असा तो बेत होता. पण म्यूज ओलांडायची तर तिच्यावरचे पूल शाबूत हातात यायला हवेत. मागे सरणारी फौज पूल उडवून देते, हे कोणत्याही शिपायाला कळते. ते उडवण्यापूर्वीच कोणीतरी तिथे पोहोचायला हवे, आणि त्याला पाहून पुलावरच्या अमेरिकन पहारेकऱ्याला संशय येता कामा नये.

हे काम हिटलरने ओटो स्कॉर्झेनी या आपल्या आवडत्या अधिकाऱ्यावर सोपवले. हा ऑस्ट्रियन गृहस्थ धिप्पाड होता आणि त्याच्या गालावर तलवारीच्या जखमेचा लांब व्रण होता. आदल्या वर्षी डोंगरावर कैदेत पडलेल्या मुसोलिनीला सोडवून आणणाऱ्या तुकडीत तो होता, आणि त्या पराक्रमाचे बरेचसे श्रेय त्याने आपल्या पदरात पाडून घेतले होते. नात्झी पक्षाचा तो जुना आणि कडवा अनुयायी. त्याच्या हिकमतीचे कौतुक करताना तो कोणासाठी लढत होता, हे आपण विसरता कामा नये.

हुकूम सुटला: इंग्रजी बोलू शकणारे शिपाई गोळा करा, अमेरिकन कपडे आणि गाड्या मिळवा. पण हातात आले काय? स्कॉर्झेनीने स्वतःच पुढे सांगितले आहे की, अमेरिकन बोली अस्सल बोलू शकणारे जेमतेम दहा जण सापडले. बरी इंग्रजी येणारे तीस-चाळीस. बाकीच्यांची धाव शाळेतल्या इंग्रजीपुरती, आणि कित्येकांची तर 'येस' आणि 'नो' एवढ्यापुरतीच! अमेरिकन रणगाडे पुरेसे मिळेनात, तेव्हा जर्मन रणगाड्यांवर पत्रे ठोकून आणि पांढरे तारे रंगवून त्यांना अमेरिकन बनवले. दीडशे क्रमांकाची चिलखती ब्रिगेड असे नाव या मंडळीला मिळाले. तीतून निवडक माणसांच्या छोट्या टोळ्या केल्या. त्यांनी अमेरिकन गणवेष घालून आणि अमेरिकन जीपमध्ये बसून आघाडीच्या पलीकडे जायचे, टेहळणी करायची, टेलिफोनच्या तारा तोडायच्या, रस्त्यांवरच्या पाट्या फिरवायच्या आणि खोट्या अफवा पिकवायच्या.

१६ डिसेंबर १९४४ च्या पहाटे धुक्यात हल्ला सुरू झाला. पुलांचा बेत साफ फसला. रस्ते असे तुंबले की ब्रिगेडला म्यूजचे दर्शनसुद्धा झाले नाही. जीपमधून पलीकडे जे शिरले ते चाळीस-पंचेचाळीस लोक. लाखोंच्या युद्धात चाळीस माणसे म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ. पण त्या चिमटीने सारा समुद्र नासवला!

त्यांतले काही जण पकडले गेले आणि अमेरिकन छावण्यांत एकच हलकल्लोळ उडाला. आपल्याच कपड्यांत शत्रू फिरतो आहे, असे कळल्यावर कोणावर भरवसा ठेवायचा? चौकाचौकांत पहारे बसले. परवलीचा शब्द पुरेना, म्हणून अस्सल अमेरिकन माणसालाच ठाऊक असतील असे प्रश्न विचारायची टूम निघाली. जनरल ब्रॅडली म्हणजे लक्षावधी सैन्याचा सेनापती. पण त्यालाही पहारेकऱ्यांनी अडवले. एकाने विचारले, "इलिनॉय राज्याची राजधानी कोणती?" ब्रॅडलीने बरोबर सांगितले, "स्प्रिंगफील्ड." पहारेकऱ्याच्या मते ती शिकागो! उत्तर बरोबर आणि परीक्षक चूक, असा हा प्रसंग आम्हा मास्तर लोकांना फारच बोलका वाटतो. पुढे एका चौकीवर तर एका सिनेनटीच्या नवऱ्याचे नाव विचारून सेनापतीला निरुत्तर केले गेले. ब्रूस क्लार्क नावाचा एक ब्रिगेडियर जनरल बेसबॉलच्या प्रश्नाला चुकला, तो भर लढाईत काही तास आपल्याच लोकांच्या अटकेत बसला. पॅरिसजवळ व्हर्सायला सरसेनापती आयसेनहॉवर होता. त्याला उचलून न्यायला टोळी निघाली आहे अशी आवई उठली आणि त्याच्याभोवती असा कडेकोट बंदोबस्त झाला की, तो आपल्याच लोकांचा कैदी बनला.

हे सारे वाचताना हसू येते, पण त्या हसण्यामागे रक्त आहे. घाबरलेल्या पहाऱ्याची गोळी आपलाच माणूस ओळखत नाही. अशा गोळ्यांनी काही अमेरिकन मारले गेले. वेषधारी टोळ्यांनी प्रत्यक्ष केलेला विध्वंस तो केवढासा! खरा विध्वंस केला तो संशयाने.

आता त्या तिघांकडे येऊ. १७ डिसेंबरला, म्हणजे हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बेल्जियममधल्या एवाय या गावी आंब्लेव्ह नदीच्या पुलावर एक जीप अडवण्यात आली. आत तीन अमेरिकन शिपाई. पहारेकऱ्याने परवलीचा शब्द विचारला. तो त्यांना सांगता येईना. झडतीत बिंग फुटले. ग्युंटर बिलिंग, व्हिल्हेल्म श्मिट आणि मान्फ्रेड पेर्नास अशी त्यांची खरी नावे. तिघेही विशी-पंचविशीतले. आयसेनहॉवरला पकडण्याची आवई फैलावली, ती यांच्यातल्या श्मिटच्या जबानीमुळेच.

त्याच १७ तारखेला, तिथून फार दूर नसलेल्या माल्मेदी गावाजवळ, दुसऱ्या एका जर्मन तुकडीने शरण आलेल्या अमेरिकन कैद्यांवर मैदानात गोळ्या चालवल्या आणि चौऱ्याऐंशी जण ठार केले. स्कॉर्झेनीच्या माणसांचा त्यात हात नव्हता. परंतु ती बातमी छावण्यांतून पसरली तेव्हा हवा किती तापली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. तिघांना लष्करी न्यायमंडळापुढे उभे केले, हेर म्हणून दोषी ठरवले आणि २३ डिसेंबरला, नाताळ दोन दिवसांवर आला असताना, आंरी-शापेल या गावी खांबाला बांधून गोळ्या घातल्या. आदल्या रात्री शेजारच्या कोठडीतल्या जर्मन परिचारिकांनी त्यांच्यासाठी नाताळची गाणी म्हटली, असे सांगतात. त्या प्रसंगाची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. डोळ्यांवर पट्टी, छातीवर पांढऱ्या कागदाची खूण. पुढच्या काही दिवसांत याच कामगिरीवरचे आणखी काही जण असेच गेले. सारे मिळून डझनावर.

कायद्याने हे योग्य झाले का? त्यासाठी कायदा काय म्हणतो ते पाहू.

युद्धाचे नियम लिहून काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो अमेरिकेत, त्यांच्या यादवी युद्धात. तो करणारा फ्रान्सिस लीबर हा जन्माने बर्लिनचा. कोवळ्या वयात नेपोलियनविरुद्धच्या लढाईत जखमी झालेला आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये प्राध्यापक झालेला. त्याची मुले या यादवीत दोन्ही बाजूंना लढत होती. एक दक्षिणेकडून लढताना मेला, एक उत्तरेकडून लढताना हात गमावून बसला. अशा बापाने नियम लिहिले, आणि प्रेसिडेंट लिंकनच्या सरकारने ते २४ एप्रिल १८६३ रोजी फौजेला जारी केले. त्यात लीबरने स्पष्ट म्हटले आहे: ठळक अशी वेगळी खूण न लावता जे शत्रूच्या गणवेषात लढतील, त्यांनी जीवदानाची अपेक्षा करू नये. मात्र शत्रूचे कपडे हाती लागले आणि आपल्या शिपायांच्या अंगावर चिंध्या असल्या, तर ते कपडे वापरायला त्याची हरकत नव्हती. अट एवढीच की, त्यावर लांबून दिसेल अशी आपली खूण हवी.

पुढे हेग शहरी राष्ट्रे एकत्र जमली आणि जमिनीवरच्या युद्धाचे नियम ठरले. १८९९ साली पहिल्यांदा आणि १९०७ साली सुधारून. त्यातल्या तेविसाव्या कलमात एक पोटकलम आहे. तहाचे पांढरे निशाण, शत्रूचे राष्ट्रीय निशाण, त्याची लष्करी चिन्हे आणि गणवेष, तसेच रेडक्रॉसचे चिन्ह यांचा 'अनुचित' वापर करू नये, असे ते सांगते. आणि लगेच चोविसावे कलम म्हणते की, युद्धातल्या हुलकावण्या आणि शत्रूची माहिती काढण्याचे उपाय यांना मुभा आहे.

इथे व्याकरणाचा मास्तर कान टवकारतो. विशेषणाचे काम काय? नामाची व्याप्ती मर्यादित करणे. 'आंबट आंबे खाऊ नका' असे आईने बजावले, की पोर लगेच ताडते, गोड आंबे खायला हरकत नाही! 'अनुचित वापर करू नये' म्हटले, की उचित वापरही काही असलाच पाहिजे. पण तो कोणता, हे हेगच्या पंडितांनी लिहिलेच नाही. पांढऱ्या निशाणाच्या आणि रेडक्रॉसच्या बाबतीत शंका नव्हती. त्यांच्या आडून फसवणूक करणे केव्हाही अनुचितच. पण शत्रूचा गणवेष? सारी लढाई त्या एका विशेषणावर येऊन ठेपली.

समुद्रावर हा प्रश्न बराच आधी सुटलेला होता. जहाजाने खोटे निशाण लावून शत्रूजवळ जावे, पण पहिला गोळा सोडण्यापूर्वी ते उतरवून आपले निशाण चढवावे, हा दर्यावर्दींचा जुना संकेत. पहिल्या महायुद्धात २२ सप्टेंबर १९१४ रोजी मद्रासच्या किनाऱ्यावर येऊन तेलाच्या टाक्या पेटवून गेलेली 'एमडन' ही जर्मन युद्धनौका आपल्याकडे पुष्कळांना ऐकून माहीत आहे. तिला तीन धुराडी होती. कप्तान म्यूलरने एक खोटे चौथे धुराडे उभारून तिला इंग्रज नौकेचे रूप दिले आणि २८ ऑक्टोबरला ती पेनांगच्या बंदरात शिरली. मात्र तोफ डागण्यापूर्वी तिने जर्मन निशाण फडकवले, आणि मगच तिथली रशियन युद्धनौका बुडवली. १९४२ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी फ्रान्समधल्या सें-नाझेर बंदरावर छापा घातला, तेव्हा त्यांनीही तेच केले. 'कँपबेलटाउन' या नौकेची धुराडी कापून तिला जर्मन नौकेसारखी केली, तिच्यावर जर्मन निशाण लावले आणि गोळीबाराच्या क्षणी ते उतरवून आपले चढवले.

मराठी वाचकाला हे ऐकून महाभारतातले जरासंधपर्व आठवल्याशिवाय राहणार नाही. श्रीकृष्ण, भीम आणि अर्जुन स्नातक ब्राह्मणांच्या वेषाने गिरिव्रजात शिरले, तेही आडवाटेने. जरासंधाने त्यांच्या हातांवरचे धनुष्याच्या दोरीचे घट्टे पाहिले आणि विचारले की, तुम्ही ब्राह्मण दिसत नाही, आहात तरी कोण? तेव्हा कृष्णाने नावे सांगितली, वैर सांगितले आणि द्वंद्वाचे आव्हान दिले. वेष घेतला तो दारापर्यंत. युद्धाच्या क्षणी नाव उघड केले. हेगच्या पंडितांनी जे विशेषण मोघम ठेवले, त्याचा याहून सुबोध अर्थ मला तरी सापडलेला नाही.

आणि लाल महाल? १६६३ च्या एप्रिलमधल्या त्या रात्री पहारेकऱ्यांनी हटकले, तेव्हा आपण बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई असून नेमल्या जागी चाललो आहोत, असे सांगून महाराजांचे लोक पुण्यात शिरले, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. ती युक्ती साधली, कारण दोन्हीकडच्या मराठी शिपायाचा पेहराव एकच होता. सरकारी ठशाचा, एकरंगी गणवेष तेव्हा आपल्याकडे रुळलेलाच नव्हता, आणि युरोपातही तो त्या सुमारासच कुठे रुळू लागला होता. गणवेष नाही तिथे गणवेषाचा कायदाही नाही. म्हणून हेगची मोजपट्टी घेऊन लाल महाल मोजायला जाऊ नये. कायदा आला तो कपड्यामागून. कपड्याचा रंग हीच शिपायाची ओळख बनली, तेव्हा त्या रंगाशी इमान राखण्याचा प्रश्न उभा राहिला.

आता पुन्हा जर्मनीकडे वळू. युद्ध संपले. स्कॉर्झेनी पकडला गेला. १८ ऑगस्ट १९४७ रोजी डाखाऊ येथे अमेरिकन लष्करी न्यायालयापुढे तो आणि त्याच्या ब्रिगेडचे नऊ अधिकारी आरोपी म्हणून उभे राहिले. मुख्य आरोप हाच, की त्यांनी अमेरिकन गणवेषाच्या आडून युद्ध केले. याशिवाय युद्धकैद्यांच्या छावणीतून त्यांचे कपडे आणि रेडक्रॉसची पार्सले पळवल्याचाही आरोप होता.

बचाव असा: आमच्या कायदेतज्ज्ञांचा सल्ला घेऊनच आम्ही चाललो. माणसांना सांगितले होते की, अमेरिकन वेष जवळ पोहोचण्यापुरता. प्रत्यक्ष लढायची वेळ आली की वरचा वेष फेकून जर्मन गणवेषात लढायचे. जुने आणि मान्यवर ग्रंथकारही असेच सांगतात की, गणवेषाची फसवणूक अनुचित होते ती हल्ल्याच्या वेळी, त्याआधी नव्हे. आणि शत्रूच्या कपड्यांत खरोखर लढल्याबद्दलचा पुरावा न्यायालयापुढे आला तो तुटपुंजाच.

मग एक साक्षीदार उभा राहिला आणि सगळे चकित झाले, कारण तो बचावाच्या बाजूने आला होता. विंग कमांडर यो-थॉमस. हा ब्रिटिश हेरखात्याचा माणूस. पॅरिसमध्ये गेस्टापोच्या हाती सापडला, अनन्वित छळ सोसला आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीत जाऊन पडला. तिथे एका मेलेल्या फ्रेंच कैद्याचे नाव धारण करून तो मरणातून निसटला. जर्मनांचा द्वेष करण्याचा हक्क त्याच्याइतका कोणाला असेल? पण त्याने शपथेवर सांगितले की, शत्रूचा गणवेष आमच्या बाजूनेही वापरला आहे, आणि वेळ पडती तर त्या वेषात शस्त्र चालवायलाही आम्ही कचरलो नसतो.

त्या साक्षीपुढे फिर्यादीचे बळ ओसरले. आपण केले ते शौर्य आणि त्याने केले तो गुन्हा, असे म्हणायला तोंड राहिले नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी दहाही आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयाने कारणे लिहिली नाहीत. म्हणून निकालाचा नेमका अर्थ काय, यावर पंडित वाद घालत आले आहेत.

यो-थॉमसच्या साक्षीत काय मोठे होते? स्कॉर्झेनीला वाचवण्यात मोठेपणा नव्हता; तो माणूस त्या लायकीचा नव्हताच. मोठेपणा होता तो दोघांना एकच तराजू लावण्यात. कायदा जेत्याला एक आणि जिताला दुसरा असला, की त्याला कायदा म्हणत नाहीत, सूड म्हणतात. बुखेनवाल्ड भोगून आलेल्या माणसाने हे सांगावे, यासारखी दुसरी साक्ष नाही.

ही हकीगत मी एकदा दहावीच्या वर्गात सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हुकूम पाळणारे तिघं मेले आणि हुकूम देणारा सुटला. हा कसला न्याय?"

मी तिला कायद्याचे उत्तर दिले. तेच इथे देतो. हेगच्या नियमांत हेराचा विचार वेगळा केला आहे. खोट्या रूपाने शत्रूच्या हद्दीत शिरून जो माहिती काढतो तो हेर. त्याला पकडले तर शिक्षा होऊ शकते, मात्र चौकशीशिवाय नाही. आणि नियम असाही आहे की, काम उरकून हेर एकदा आपल्या फौजेत परत पोहोचला आणि पुढे कधी पकडला गेला, तर त्याला मागच्या हेरगिरीबद्दल शिक्षा करता येत नाही. तो साधा युद्धकैदी. म्हणजे कायदा पाहतो तो पकडले जाण्याचा क्षण. बिलिंग, श्मिट आणि पेर्नास वेषात असताना सापडले, ते हेर ठरले. जे जीप घेऊन सुखरूप परतले ते पुन्हा शिपाई झाले. स्कॉर्झेनीवरचा आरोप निराळाच होता, वेषाच्या आडून लढल्याचा. आणि तो शाबीत झाला नाही. कायदा आपल्या जागी सुसंगत आहे. पेच सुटतो.

ती मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर माझेही होत नाही. कायदा सुसंगत असला म्हणजे न्याय पुरा झाला, असे मन मानत नाही. कामाची आखणी करणारा आणि त्या कामाचे मोल प्राणांनी देणारा, हे दोघे बहुधा वेगळेच असतात. गणवेष हे शिपायाचे कवच आहे. तो अंगावर असेल तर शरण आलेल्या शिपायाला मारता येत नाही. त्याला अन्न द्यावे लागते, औषधपाणी करावे लागते. त्या तिघांच्या अंगावरून ते कवच त्यांच्याच वरिष्ठांनी उतरवले आणि बदल्यात वैऱ्याचा अंगरखा दिला. तो अंगरखा डोळ्यांना फसवतो, पण गोळी अडवत नाही.

हेगच्या त्या विशेषणाचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. ८ जून १९७७ रोजी जिनिव्हा करारांना एक पुरवणी जोडली गेली. तिच्या एकोणचाळिसाव्या कलमाने ते मोघम विशेषण काढून टाकले आणि स्पष्ट लिहिले: हल्ला करताना, किंवा लष्करी हालचालींना आड देण्यासाठी, त्यांना मदत वा अडथळा करण्यासाठी शत्रूचा गणवेष वापरू नये. म्हणजे जरासंधाच्या दारापर्यंतची वाटही बंद झाली! हेरगिरीचे आणि समुद्रावरच्या निशाणांचे जुने नियम तेवढे तसेच ठेवले. पण या पुरवणीवर सर्वांनी शिक्कामोर्तब केलेले नाही. अमेरिकेने नाही आणि आपल्या भारतानेही नाही. कॅनडाने केले, पण नेमकी याच कलमाची अर्धी बाजू आपल्याला बांधील नाही असे नोंदवून. पुढे १९९८ साली रोम येथे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला. त्यात शत्रूच्या गणवेषाच्या ज्या वापराने माणूस मरतो किंवा गंभीर जखमी होतो, तो युद्धगुन्हा ठरवला. आणि गंमत अशी की, तिथे ते 'अनुचित' विशेषण पुन्हा येऊन बसले आहे. पाठवणी केलेला पाहुणा पिशवी विसरलो म्हणून परत यावा, तसे!

इतक्या वेळा राष्ट्रे या कपड्याच्या प्रश्नाकडे का वळतात? मला वाटते, युद्धातही थोडा विश्वास शिल्लक लागतो, म्हणून. पांढरे निशाण दिसले की गोळी थांबते, रेडक्रॉस दिसला की गाडीला वाट मिळते, हात वर दिसले की संगीन खाली येते. हा व्यवहार चालतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर. खुणा खोट्या ठरू लागल्या, की पहारेकरी आधी गोळी घालतो आणि मग प्रश्न विचारतो. आर्देनच्या बर्फात हेच घडले. खोट्या वेषाचा शेवटचा बळी बहुधा तो असतो, ज्याने खरेच शस्त्र टाकलेले असते.

स्कॉर्झेनीचा शेवटही सांगायलाच हवा, कारण तो एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर संपादकांनी अतिरंजित म्हणून परत पाठवला असता. निर्दोष सुटूनही तो दुसऱ्या चौकशांसाठी डार्मश्टाटच्या छावणीत अडकून होता. २७ जुलै १९४८ रोजी तिथे तीन लष्करी पोलीस आले. अंगावर अमेरिकन गणवेष, हातात कागदपत्रे. "कैद्याला न्यूरेंबर्गला चौकशीसाठी न्यायचं आहे," असे सांगून ते स्कॉर्झेनीला घेऊन गेले. ते तिघेही त्याचे जुने जर्मन सोबती होते. पुढे तो स्पेनमध्ये राहिला आणि १९७५ साली माद्रिदला अंथरुणावर मेला.

अमेरिकन गणवेष घातलेल्या तिघांनी त्याला तुरुंगातून मोकळे केले; आणि चार वर्षांपूर्वी त्याच्याच हुकमाने तोच गणवेष घातलेले तिघे आंरी-शापेलच्या खांबांना बांधले गेले होते. अंगरखा एकच. तो कोणाला फळला आणि कोणाला भोवला, याचा हिशेब कायद्याच्या कोणत्याही कलमात बसत नाही. तो इतिहासाच्या वहीतच मांडावा लागतो, आणि मांडताना त्या तीन पोरांची नावे वगळून चालत नाही.